फोटो उलटून पाहा

बडी बोल्डन या कॉर्नेटवादकाचा एकच फोटो आज उपलब्ध आहे. न्यू ऑर्लिन्स शहरात १९०५ च्या सुमारास काढलेला. त्यात सहा कृष्णवर्णीय वादक आपापली वाद्ये घेऊन कॅमेऱ्यासमोर आले आहेत. बोल्डनच्या हाती कॉर्नेट, विली कॉर्निशकडे ट्रॉम्बोन, दोघांकडे क्लॅरिनेट, एकाकडे गिटार आणि एकाकडे उभा बास. जॅझची पहिली हाक बोल्डनच्या कॉर्नेटमधून उठली, असे त्या शहरातले जुने वादक सांगत. पण त्याच्या वादनाची एकही ध्वनिमुद्रिका कुणाच्या हाती लागलेली नाही. १९०७ मध्ये त्याची रवानगी लुइझियाना राज्याच्या मनोरुग्णालयात झाली आणि १९३१ मध्ये तिथेच तो वारला. उरला तो हा फोटो, आणि तोही उरला तो कॉर्निशने तो तीसहून अधिक वर्षे सांभाळून ठेवला म्हणून. १९३९ च्या 'जॅझमेन' या ग्रंथासाठी कॉर्निशने तो दिला, ग्रंथात तो छापला गेला आणि पुढे कधीतरी मूळ प्रत गहाळ झाली. तेव्हापासून अभ्यासकांत एक वाद चालू आहे. फोटो एका बाजूने छापला, तर बास आणि गिटार वाजवणारे दोघेही डावखुरे दिसतात. आरशातल्यासारखा उलटा छापला, तर क्लॅरिनेटवाल्यांच्या हातांची ठेवण चुकते. खरी बाजू कोणती? मूळ प्रत समोर असती, तर ती पत्र्यावर घेतलेली टिनटाइप होती की कागदावरची प्रत, हे पाहताक्षणी कळले असते. टिनटाइपमध्ये प्रतिमा मुळातच उलटी उमटते, त्यामुळे निम्मा वाद तिथेच संपला असता. प्रतिमा हजारो पुस्तकांत आहे. पुरावा मात्र हरवला आहे.

जॅझ वादकांची जुनी छायाचित्रे जमवणाऱ्यांचा एक छोटा, पण चिवट वर्ग जगभर पसरलेला आहे. त्यांच्या छंदाकडे बहुतेक लोक हौस म्हणून पाहतात. पैसेवाल्यांचा शौक, दिवाणखान्याच्या भिंतीवरची शोभा, गेलेल्या काळाचा उमाळा अशी त्याची संभावना होते. मला हे मत अपुरे वाटते. नीट केलेला संग्रह म्हणजे इतिहासाची साधने गोळा करण्याचे काम आहे. मात्र 'नीट' या शब्दावर सगळे अवलंबून आहे. संग्राहकाने फोटोतल्या चेहऱ्याच्या प्रसिद्धीवर भुलू नये. फोटो उलटून त्याच्या पाठीवर काय लिहिले आहे, ते पाहावे आणि जिथे काहीच लिहिलेले नाही, तिथे खात्री करून नावे लिहावीत. प्रसिद्ध वादकाचे प्रसिद्ध चित्र कुणी ना कुणी जपणारच आहे. त्याच्या मागे उभ्या असलेल्या तिसऱ्या सॅक्सोफोनवाल्याचे नाव मात्र आज लिहिले नाही तर कायमचे जाईल. या छंदाची खरी कसोटी मी तिथे मानतो.

मराठी वाचकाला हा विचार परका वाटू नये. वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला सुरुवात केली, तेव्हा त्यांचा आग्रह हाच होता. बखर वाचायला रसाळ असते, पण ती घटनेनंतर, कुणाच्या तरी सोयीने रचलेली असते. त्याच दिवशी लिहिलेले रोखठोक पत्र, हिशेबाचा कागद, यादी यांत रस कमी असेल, पण ती अस्सल असतात. म्हणून राजवाडे गावोगावच्या वाड्यांतली दप्तरे सोडवत हिंडले. जॅझच्या छायाचित्रांतही बखरी आहेत आणि अस्सल कागद आहेत. धुराच्या वलयात हरवलेला सॅक्सोफोनवादक, डोळे मिटून गाणारी गायिका, खाली झुकलेली हॅट ही झाली बखर. वर्तमानपत्राच्या कचेरीतून निघालेली, मागे तारखेचा शिक्का, छायाचित्रकाराचे नाव, ओळीची चिठ्ठी आणि संपादकाच्या लाल पेन्सिलीची खूण असलेली चुरगळलेली प्रत हा झाला अस्सल कागद. बाजारात पहिलीला हजारो डॉलर मिळतात आणि दुसरी कित्येकदा जुन्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून ढिगाने विकली जाते. इतिहासाच्या दृष्टीने हा भाव उलटा आहे.

'व्हिंटेज' हा शब्द या बाजारात सैल वापरला जातो, पण त्याचा अर्थ पक्का आहे. निगेटिव्ह तयार झाल्यावर थोड्याच काळात, छायाचित्रकाराने स्वतः किंवा त्याच्या देखरेखीखाली काढलेली प्रत ती व्हिंटेज. त्याच निगेटिव्हवरून तीस वर्षांनी काढलेली प्रत कितीही सुंदर असली तरी ती नंतरची. हा भेद केवळ किमतीचा नाही. त्या काळच्या प्रतीवर त्या काळाचा व्यवहार चिकटलेला असतो. १९२० आणि ३० च्या दशकांत शिकागोचा ब्लूम स्टुडिओ, न्यू यॉर्कमधले जेम्स क्रीग्समन यांच्यासारखे व्यावसायिक छायाचित्रकार वादकांचे आठ इंच बाय दहा इंची चकचकीत फोटो काढत. एजंट ते नाट्यगृहांना आणि नृत्यगृहांना पाठवत, व्यवस्थापक ते दाराशी लावत, वादक त्यावर सही करून मित्राला देत. अशा प्रतीच्या कडेला स्टुडिओचे नाव असते, मागे एजन्सीचा पत्ता असतो, कधी मुक्कामाचे गाव आणि तारीख असते. एखाद्या बँडमध्ये कोणत्या महिन्यात कोण वाजवत होता, तो बँड कोणत्या गावाहून कोणत्या गावाला गेला, कोणत्या एजंटच्या हाताखाली होता, या गोष्टी अशा मागच्या बाजूंवरून जुळवता येतात. ध्वनिमुद्रिकेच्या लेबलवर बहुतेक वेळा फक्त बँडप्रमुखाचे नाव असे. बाकीचे आठ-दहा जण कुठे नोंदले गेले असतील, तर फोटोच्या पाठीवर.

ध्वनिमुद्रिका आहे, मग फोटोची गरज काय, असे कुणी विचारील. उत्तर ध्वनिमुद्रणाच्या तंत्रातच आहे. किंग ऑलिव्हरच्या क्रिओल जॅझ बँडने १९२३ मध्ये इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी जेनेट कंपनीसाठी केलेल्या मुद्रिका या संगीताच्या इतिहासातला मैलाचा दगड आहेत. लुई आर्मस्ट्राँगचे पहिले मुद्रण त्यातच आहे. पण तेव्हा मायक्रोफोन नव्हता. वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर वाजवत आणि मोठ्या ढोलाच्या ठोक्याने मेणाच्या तबकडीवरची सुई उडत असे. त्यामुळे बेबी डॉड्ससारख्या थोर तालवादकाला लाकडी ठोकळ्यांसारख्या हलक्या वाद्यांवर भागवावे लागले. तबकडी ऐकून त्या बँडचा ताल हलका होता, असे कुणी म्हणेल. त्याच वर्षीच्या फोटोत मात्र डॉड्स आपल्या पूर्ण ड्रमसंचासह बसलेला दिसतो. नृत्यगृहात लोकांनी काय ऐकले असेल, याची कल्पना तबकडीपेक्षा तो फोटो अधिक देतो. पियानोवादक लिल हार्डिनचेही तेच. कर्ण्यातून पियानो क्षीण ऐकू येतो, फोटोत मात्र त्या पुरुषांच्या बँडमध्ये ही तरुण स्त्री ठळक उभी आहे. 'इंटरनॅशनल स्वीटहार्ट्स ऑफ ऱ्हिदम' या स्त्रियांच्या बँडचे उदाहरण तर याहून बोलके. मिसिसिपी राज्यातल्या पायनी वूड्स शाळेत १९३७ मध्ये तो उभा राहिला, वेगवेगळ्या वंशांच्या मुली त्यात एकत्र वाजवत होत्या आणि १९४५ मध्ये तो युरोपातल्या अमेरिकी सैनिकांसाठी दौरा करून आला. एवढ्या मोठ्या कारकिर्दीच्या मानाने स्टुडिओतली मुद्रणे मोजकीच. त्या बायका कोण होत्या, कोण काय वाजवत होत्या, हे सांगणाऱ्या साधनांत फोटोंचा वाटा फार मोठा आहे.

अर्थात फोटोही फसवतो. प्रसिद्धीसाठी काढलेल्या चित्रात मांडणी असते, कपडे उसने असतात, हसू सांगून आणलेले असते. कलात्मक चित्रात ही मांडणी अधिक सूक्ष्म होते. हर्मन लेनर्डने १९४८ मध्ये न्यू यॉर्कच्या रॉयल रूस्ट क्लबमध्ये डेक्स्टर गॉर्डनचा काढलेला फोटो जगभर पोस्टरांवर आहे. मांडीवर सॅक्सोफोन, ओठांतून निघालेला धुराचा मोठा लोट. लेनर्डने दिवा वादकाच्या मागे ठेवला म्हणून तो धूर उजळून निघाला. ते उत्तम छायाचित्र आहे आणि त्याच्या कलागुणाबद्दल माझी तक्रार नाही. पण अशा चित्रांनी जॅझ वादकाचा एक ठरीव चेहरा तयार केला. रात्र, धूर, एकटेपणा, थोडे दुःख. या चेहऱ्यात वादकाचे काम दिसत नाही. सकाळी बसमधून उतरणे, गणवेशाला इस्त्री करणे, पगारासाठी थांबणे, ज्या हॉटेलात वाजवले त्याच हॉटेलात खोली न मिळणे, हे त्यात येत नाही.

ते कुठे येते? मिल्ट हिंटनच्या फोटोंत. हिंटन मिसिसिपी राज्यात व्हिक्सबर्ग गावी १९१० मध्ये जन्मला, कॅब कॅलोवेच्या बँडमध्ये १९३६ ते १९५१ अशी पंधरा वर्षे त्याने बास वाजवला आणि या काळात खिशात कॅमेरा ठेवला. त्याच्या निगेटिव्ह साठ हजारांच्या घरात आहेत. आगगाडीत झोपलेले सहकारी, स्टेशनवर थांबलेले सहकारी, आणि दक्षिणेतल्या गावांत 'कलर्ड' लिहिलेल्या दारांच्या आणि पाट्यांच्या खाली उभे राहिलेले त्याच बँडचे नामांकित वादक त्यांत आहेत. बाहेरून आलेल्या कोणत्याही छायाचित्रकाराला हे दिसले नसते, कारण तो त्या दारातून आत गेलाच नसता. गायिका बिली हॉलिडेच्या १९५९ मधल्या अखेरच्या मुद्रणाच्या वेळी हिंटन बासवर होता आणि स्टुडिओतला तिचा थकलेला चेहरा त्याने टिपला. तो चेहरा पाहताना कुठलीही बखर आठवत नाही. एका सहकाऱ्याने दुसऱ्या सहकाऱ्याबद्दल दिलेली ती साक्ष आहे.

प्रसिद्ध चित्र आणि साधे चित्र यांतला फरक एकाच सकाळीत पाहायचा असेल, तर १२ ऑगस्ट १९५८ ही तारीख घ्यावी. 'एस्क्वायर' मासिकासाठी आर्ट केनने हार्लेममधल्या १२६ व्या रस्त्यावरच्या एका घरासमोर ५७ जॅझ वादकांना एकत्र उभे केले. तो फोटो जानेवारी १९५९ च्या अंकात आला आणि जॅझचा जणू कुटुंबाचा फोटो ठरला. पण त्या सकाळी विली 'द लायन' स्मिथ हा ज्येष्ठ पियानोवादकही तिथे होता. उभे राहून थकला म्हणून तो शेजारच्या घराच्या पायरीवर जाऊन बसला आणि छापलेल्या चौकटीतून निसटला. तो तिथे होता हे कळते ते न छापलेल्या इतर चित्रांवरून. त्या दिवशी मिल्ट हिंटननेही कॅमेरा आणला होता आणि त्याच्या पत्नीने, मोनाने, घरगुती चित्रफीत घेतली. १९९४ मध्ये जीन बाख यांचा माहितीपट आला, तो या बाजूच्या साधनांच्या बळावर. मासिकाने एक क्षण दिला. आजूबाजूच्या साध्या चित्रांनी ती सकाळ दिली, कोण कुणाशी बोलत होते, कोण कुणाला शोधत होते, हे दाखवले. संग्राहकाने पैसे आणि कष्ट खर्च करायचे, तर या आजूबाजूच्या चित्रांवर करावेत.

याला पहिला आक्षेप आजच्या काळाचा आहे. सगळे फोटो पडद्यावर फुकट दिसतात, मग कागद कशाला जपायचा? या आक्षेपाचे सर्वांत भक्कम उदाहरण विल्यम गॉटलिब यांचे आहे. 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये ते जॅझवर स्तंभ लिहीत. छायाचित्रकाराचा खर्च वर्तमानपत्र करीना, म्हणून त्यांनी स्वतः कॅमेरा घेतला. पुढे 'डाउनबीट' मासिकासाठी त्यांनी चाळीसच्या दशकातला न्यू यॉर्क टिपला. १९४७ मध्ये हार्लेमच्या मिंटन्स प्लेहाउसच्या दाराशी थेलोनियस मंक, हॉवर्ड मॅगी, रॉय एल्ड्रिज आणि टेडी हिल यांना त्यांनी उभे केले तो फोटो त्यांचाच. त्यांची सुमारे सोळाशे छायाचित्रे लायब्ररी ऑफ काँग्रेसने घेतली आणि त्यांच्याच इच्छेनुसार २०१० मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. हे अनुकरणीय आहे, यात शंका नाही. पण ते इतके उपयोगी का ठरले? कारण गॉटलिब संगीताचे जाणकार होते आणि त्यांच्या चित्रांना नावे, ठिकाणे आणि तारखा होत्या. नावाविना पडद्यावर फिरणाऱ्या प्रतिमेला ही किंमत नसते. उलट प्रत्येक नव्या प्रतीबरोबर कडा छाटल्या जातात, ओळी गळतात, चुकीची नावे चिकटतात आणि चूक मूळ म्हणून रूढ होते. स्कॅन करणारा बहुधा पुढची बाजूच स्कॅन करतो. बोल्डनच्या फोटोने हेच शिकवले आहे. प्रती अमाप असूनही अस्सल नसेल, तर वाद मिटत नाही.

अस्सल कागदाचा आणखी एक उपयोग म्हणजे तो खोटेपणा उघडा पाडतो. छायाचित्रणाच्या कागदात शुभ्रतेसाठी रसायने घालण्याची पद्धत १९५० च्या दशकात रुळली. अतिनील दिव्याखाली असा कागद निळसर चमकतो, त्याआधीचा सहसा चमकत नाही. १९४० मध्ये निधन पावलेल्या लुइस हाइन या अमेरिकी छायाचित्रकाराच्या नावे सहीनिशी विकल्या गेलेल्या अनेक प्रती १९९० च्या दशकाअखेर नंतरच्या कागदावरच्या निघाल्या, त्या याच परीक्षेने. १९३० चा म्हणून विकला जाणारा आर्मस्ट्राँगचा फोटो दिव्याखाली चमकला, तर खरेदीदाराने तिथेच थांबावे. कागदाचे वय, शिक्क्याचा पत्ता, स्टुडिओ त्या पत्त्यावर केव्हा होता, हे सगळे जुळवणे म्हणजे साधनांची चिकित्साच. हे शिकलेला संग्राहक अभ्यासकाचे अर्धे काम करून ठेवतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खासगी संग्राहक वस्तू कपाटात कोंडतो आणि समाज तिला मुकतो, असे म्हटले जाते. हे घडते, नाकारण्यात अर्थ नाही. पण आज ज्यांना आपण संस्था म्हणतो, त्यांची सुरुवात बहुधा एखाद्या खासगी कपाटातूनच झाली आहे. आज रटगर्स विद्यापीठात असलेली जॅझ अभ्यास संस्था मार्शल स्टर्न्स यांनी १९५२ मध्ये आपल्या संग्रहातून उभी केली. इंडियानाचे डंकन शिट यांनी आयुष्यभर जमवलेली जॅझची छायाचित्रे आज स्मिथसोनियन संस्थेकडे आहेत. विद्यापीठे आणि संग्रहालये ज्या काळात जॅझकडे तुच्छतेने पाहत होती, त्या काळात या माणसांनी तो कागद वाचवला. आपल्याकडे दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, वज्री जमवल्या तेव्हा त्यांना कोणती संस्था विचारत होती? १९७५ मध्ये त्यांनी तो सगळा ठेवा महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला आणि आज पुण्यातले राजा केळकर संग्रहालय सर्वांचे आहे. म्हणून खासगी संग्रहाला माझा विरोध नाही. त्याला एक अट मात्र असावी. संग्राहकाने आपण मालक आहोत असे न मानता आपल्याला राखणदार मानावे. यादी करावी, दोन्ही बाजूंचे स्कॅन अभ्यासकांना खुले ठेवावे आणि आपल्यामागे संग्रह कुठे जाईल, हे हयातीतच लिहून ठेवावे. संग्रह फुटला की पाठीवरच्या नोंदींचे परस्परांशी असलेले धागेही तुटतात.

तिसरा आक्षेप न्यायाचा आहे. ज्या वादकांना त्यांच्या हयातीत मागच्या दारातून आत घेतले, त्यांच्या चेहऱ्यांचा बाजार आता भरतो आणि त्यातला पैसा त्यांच्या कुटुंबांपर्यंत पोहोचत नाही. हा आक्षेप खरा आहे. प्रत विकत घेतली म्हणून प्रताधिकार मिळत नाही, एवढे कायद्याचे भान बाळगून तो संपत नाही. पण यावर न जमवणे हा उपाय नाही, कारण न जमवल्याने ती चित्रे त्या कुटुंबांकडे जात नाहीत, ती कचऱ्यात जातात. गेल्या काही दशकांत अमेरिकेतल्या अनेक वर्तमानपत्रांनी जागा मोकळी करण्यासाठी आपले छायाचित्रसंग्रह विकले किंवा टाकून दिले. २००५ मध्ये कॅटरिना वादळाच्या पुरात न्यू ऑर्लिन्समधल्या हर्मन लेनर्डच्या घरातल्या सुमारे आठ हजार प्रती नष्ट झाल्या. निगेटिव्ह वेळीच एका संग्रहालयाच्या तिजोरीत हलवल्या म्हणून वाचल्या. न्यायाचा रस्ता पिट्सबर्गमध्ये दिसतो. तिथल्या कृष्णवर्णीयांच्या 'पिट्सबर्ग कुरियर' या वर्तमानपत्राचे छायाचित्रकार चार्ल्स 'टीनी' हॅरिस यांच्या सुमारे ८० हजार निगेटिव्ह कार्नेगी कला संग्रहालयाने २००१ मध्ये घेतल्या. बहुतेकींवर नाव नव्हते, तारीख नव्हती. संग्रहालयाने त्याच वस्तीतल्या वयस्कर लोकांना बोलावले, फोटो दाखवले आणि विचारले, हा कोण? ही कोण? नावे परत मिळाली ती त्यांच्याकडून. ज्यांचे चेहरे आहेत, त्यांना सांगण्याचा पहिला मान देणे, ही त्या चेहऱ्यांची परतफेड आहे.

या प्रश्नाशी मुंबई आणि गोव्याचे नाते खरे आणि जवळचे आहे. १९३५ मध्ये लिओन ॲबी या व्हायोलिनवादकाचा कृष्णवर्णीय अमेरिकी बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. त्यामागून कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलिपी शिकून मुंबईत आलेल्या वादकांनी हे संगीत आत्मसात केले आणि पुढे तेच हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांचा कणा झाले. हळदोण्याचे आंतोनियो शाव्हियेर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, हे ट्रंपेटवादक संगीतकार सी. रामचंद्रांबरोबर काम करत होते आणि १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटात ते आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतात. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचे, म्हणजेच या सी. रामचंद्रांचे, नाव मराठी घरांत सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या गाण्यांतल्या ट्रंपेटमागचा माणूस कोण, हे किती जणांना ठाऊक आहे? वाद्यवृंदातल्या वादकांची नावे ना तबकडीवर आली, ना श्रेयनामावलीत. नरेश फर्नांडिस यांचे 'ताज महाल फॉक्सट्रॉट' हे पुस्तक २०१२ मध्ये आले, तेव्हा या विस्मृत जगाचा पट प्रथमच सविस्तर उलगडला, आणि त्यातला मोठा ऐवज होता तो जुन्या छायाचित्रांचा. आपल्या मैफलींच्या जुन्या फोटोंतही हेच दुखणे आहे. गवयाचे नाव ठळक असते, आणि सारंगीवाला, तबलजी, तंबोऱ्यावरचा शिष्य यांच्या जागी 'इतर साथीदार' एवढेच लिहिलेले असते.

मुंबईतली दमट हवा फोटोंची वैरीण आहे. पावसाळ्यात चकचकीत प्रती एकमेकींना चिकटतात, कसर कागद खाते, चिकटपट्टीचा डिंक पिवळा पडून प्रतिमेत उतरतो, काळ्या भागावर चांदीसारखा वर्ख चढतो. पण त्याहून वेगाने जाते ती आठवण. वांद्रे, माझगाव, धोबीतलाव किंवा साष्टी-बार्देशातल्या घरांत अशा बँडांचे फोटो अल्बमात असतील, तर त्यांतल्या माणसांना ओळखणारी पिढी आता ऐंशी-नव्वदीत आहे. म्हणून इथे उत्साही संग्राहकाने अल्बम विकत घेण्याची घाई करू नये. फोटो त्या घरातच राहू द्यावा, त्याच्या दोन्ही बाजूंची प्रत घ्यावी, घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाशेजारी बसून डावीकडून उजवीकडे एकेक नाव, वाद्य आणि ठिकाण टिपून घ्यावे. मूळ फोटोवर लिहायचेच असेल, तर मऊ पेन्सिलीने, मागे, कडेला लिहावे. शाई झिरपते, बॉलपेनचा वळ पुढे उठतो. आम्लविरहित कागदी पाकीट फार महाग नसते. मुंबई आणि गोव्यातल्या विद्यापीठांनी किंवा सरकारी पुराभिलेखागारांनी अशा प्रती आणि नोंदी स्वीकारणारा एक छोटा विभाग उघडला, तर पिट्सबर्गचे काम इथेही होऊ शकते. त्यासाठी मोठी इमारत लागत नाही. विचारायला माणसे लागतात आणि ती लवकर लागतात.

शेवटचा आक्षेप रसिकांचा. जॅझ ऐकायचे संगीत आहे, फोटो पाहून काय मिळणार? खरे आहे, फोटोतून सूर येत नाही. पण जॅझ हे एकट्याचे संगीत कधीच नव्हते. एकजण पुढे येऊन आयत्या वेळी सुचलेले वाजवतो, तेव्हा मागचे चौघे-पाचजण त्याला जागा देत असतात, ताल धरून असतात, त्याच्या वाक्याला उत्तर देत असतात. त्या संगीताचा अर्थ त्या सगळ्यांत मिळून आहे. ज्या इतिहासात एकच नाव उरते, तो इतिहास त्या संगीताशीच प्रतारणा करतो. फोटो हे एकमेव साधन असे आहे की ज्यात सगळे एकाच वेळी, एकाच उंचीवर उभे असतात. त्यांची नावे लिहिणे, म्हणजे ते संगीत जसे घडले तसे नोंदवणे होय.

विली कॉर्निश श्रीमंत नव्हता, संग्राहकही नव्हता. ट्रॉम्बोन वाजवणारा एक साधा माणूस. बोल्डन वेडाच्या इस्पितळात विसरला गेला, बँड मोडला, तरी त्याने तो एक फोटो ठेवला. त्यामुळे आज बोल्डनचा चेहरा आहेच, पण जिमी जॉन्सन, विली वॉर्नर, ब्रॉक ममफर्ड आणि फ्रँक लुइस हेही आहेत. ते कसे वाजवत, हे आता कुणालाही कळणार नाही. पण बोल्डनबरोबर कोण वाजवत होते, हे आपण नावानिशी सांगू शकतो, आणि ते सांगता येते याचे श्रेय इतिहासकारांच्या आधी त्यांच्यातल्याच एका साथीदाराला जाते. जुनी छायाचित्रे जमवणाऱ्या प्रत्येकाने ही परंपरा आपली मानावी आणि हाती आलेला फोटो आधी उलटून पाहावा.